दोन्ही रेघा वर

एकदा एका तंत्रनिकेतनातील रेवती खडपे नावाच्या विद्यार्थिनीने रस्ता ओलांडण्याच्या सिग्नलचे सर्किट रचले. पादचाऱ्याने बटण दाबले की वाहनांना लाल दिवा, माणसांना हिरवा. हा सिग्नल गावातल्या एका शाळेसमोर बसणार होता. रेवतीने टेबलावर दिवे जोडून, पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहिले होते. कुठेच खोट दिसत नव्हती.

तिचे वृद्ध अध्यापक अच्युतराव यांनी आराखडा वाचला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सर, काही चुकलंय का?"

"शंका येतेय. तपासून बघ."

"मग प्रयोगशाळा उघडता?" सर्किट प्रत्यक्ष न जोडता संगणकावर चालवून पाहण्याची सोय तिथेच होती. अच्युतराव शेजारी बसत आणि चुकीवर नेमके बोट ठेवत, अशी त्यांची ख्याती होती.

"नाही उघडणार," ते म्हणाले. तिच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्यांनी एक पत्ता लिहिला. "माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ती सोय आता इथे आणलीय." एवढे बोलून ते चक्क घरी निघून गेले.

रेवतीला वाईट वाटले. तरी व्हरांड्यात बसून तिने आराखडा त्या पत्त्यावर घातला आणि दिव्यांच्या चक्रातल्या प्रत्येक क्षणी बटण दाबून पाहायला सांगितले. पडद्यावर रेघा उमटल्या. प्रत्येक दिव्याची एक रेघ. दिवा लागला की वर चढणारी, विझला की खाली उतरणारी. तिने दोन बोटांनी चित्र ताणले, तसा काळच रुंदावत गेला. पापणी लवण्याआधी जे घडून जाते, ते तिच्या तळहातावर निश्चल उभे राहिले. ती भान हरपून पाहत होती.

आणि एका ठिकाणी तिचे बोट थांबले. दिवा बदलतो नेमक्या त्याच क्षणी बटण दाबले, तर दोन्ही हिरव्या दिव्यांच्या रेघा वर जात होत्या. आणि वरच राहत होत्या.

ती धावत अच्युतरावांच्या घरी गेली. "सर, गाड्यांनाही हिरवा आणि मुलांनाही हिरवा! तुम्हाला हे माहीत होतं?"

"नव्हतं. वाचून मला फक्त शंका आली. दिसलं ते तुला."

"मग माझ्याजवळ बसला का नाहीत?"

"प्रयोगशाळेत मुलं पडद्याकडे कमी आणि माझ्या चेहऱ्याकडे जास्त बघतात. मी मान हलवली की त्यांचं पाहणं संपतं. आजवर इलाज नव्हता. पाहण्याचं साधन एका खोलीत होतं आणि खोली माझ्या ताब्यात. आता ते तुझ्या हातात आलंय. तिथेही मी शेजारी येऊन बसलो, तर ती खोली तशीच बंद राहील, पोरी."

रेवतीने सर्किट दुरुस्त केले, प्रत्येक क्षण पुन्हा पडताळला, मगच सिग्नल बसवू दिला.

पुढे एकदा तिची वर्गमैत्रीण लिफ्टचे सर्किट घेऊन आली. "जरा बघून सांग ना, बरोबर आहे का?"

चूक रेवतीला पहिल्याच नजरेत जाणवली. ओठांवर आलेले उत्तर तिने आवरले, मैत्रिणीच्या मोबाइलवर तो पत्ता उघडून दिला आणि हलकेच उठून बाहेर गेली.