देवघरातली जाळी

जनावरं गुळाचा धंदा करायची, त्या काळची ही गोष्ट. गबाजी अस्वलाच्या गुऱ्हाळात बैलोबा चरक फिरवायचा आणि गेनू वानर त्यात ऊस घालायचा. त्याचा सगळा जीव शेपटीत अडकलेला, कारण चरकाच्या उघड्या दातांनी तिचा झुपका नुकताच ओढून नेला होता.

तसं सरकारनं त्या दातांवर बसवायला लोखंडी जाळी पाठवलेली. पण ती आली नेमकी खंडेनवमीला, अवजारं पुजायच्या दिवशी. गबाजीनं तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि थेट देवघरात बसवली.

एके दिवशी तपासणीला निरीक्षक कासवबाई आल्या. सुरक्षेची टोपी त्यांची पाठीवरच, कवचाची.

"जाळी कुठाय?"

"देवघरात, बाईसाहेब! रोज उदबत्ती लावतो."

"आणि गेनूला कोण सांभाळतं?"

"तीच की! तिथनं लक्ष असतं तिचं."

गेनूनं गुपचूप बोडकी शेपटी पुढे केली. कासवबाई गोड हसल्या.

"एवढा विश्वास! मग आज ऊस तुम्ही घाला, आरती गेनू करील. बैलोबा, मालक बसेपर्यंत थांब हं."

गबाजीनं आपल्या अंगावरचे लांब केस पाहिले, मग चरकाचे दात पाहिले. पुढच्या क्षणी तो धावत जाऊन जाळी घेऊन आला, हारासकट! कासवबाईंनी ती समोर उभं राहून बसवून घेतली.

उदबत्ती अजून रोज लागते, पण चरकापाशी.

"मालक, आधी बोल्ट आवळा, मग ओवाळा!" गेनू हुकूम सोडतो. आणि त्याची शेपटी मजेत डुलते, कधीकधी मालकाच्या नाकाखालून.