इंग्रजी नोटिशीची पोच

भट्टीच्या जागेच्या दाव्यात अनुसयाबाई कुंभारांना वरच्या कोर्टाची नोटीस आली, ती इंग्रजीत. वाचून देणारं माणूस सापडेपर्यंत मुदत संपली, आणि बाईंचा एक शब्द न ऐकता निकाल लागलासुद्धा. याला म्हणे न्याय म्हणायचं.

पुन्हा सुनावणी घ्या, असा अर्ज लिहून बाई कोर्टात गेल्या. अर्ज घेणाऱ्या निमकर साहेबांनी त्याला हातही लावला नाही.

"मराठी चालणार नाही. इंग्रजी भाषांतर आणा, तेही सरकारमान्य," साहेब चांगल्या ठसठशीत मराठीत म्हणाले.

"तुमची इंग्रजी नोटीस मला तरी कुठं कळली होती, साहेब?"

"सही करून घेतलीत ना? मग कायद्याने ती तुम्हाला कळली. भाषा येत नाही ही सबब इथे चालत नाही."

मागची रांग ऐकत होती. बाईंनी अर्ज साहेबांच्या पुढ्यात सरकवला.

"मग हा सही करून घ्या, म्हणजे तुम्हालाही कळला. नाहीच कळला, तर माझ्यासारखं गावभर हिंडा आणि वाचून देणारं माणूस शोधा. मुदत तेवढी चुकवू नका."

निमकरांनी सही केली, शिक्का मारला आणि अर्ज वाचायला घेतला. वाचून द्यायला त्यांना कुणी लागलं नाही.