तळहातावरचं दही

एका राज्यात अरिंजय नावाचा राजपुत्र होता. राज्य खेळातलं, काचेच्या पडद्याआडचं. बाहेर कुणी बोटानं कळ दाबी, की हा धावे. पुन्हा दाबी, की तलवार चाले. जादूगार काळभुजंगानं राजाला शिळा करून टाकलं होतं. उःशापाचा हिरा तीन दारांआड, आणि राजपुत्राला जीव तीनच. तिसरा गेला की राज्य विझायचं. खेळातलं म्हणून हसू नका. ज्याचा बाप शिळा झाला, त्याला तो खेळ नसतो.

निघताना राणी त्याच्या तळहातावर दही घाली. म्हणे, "येतो म्हण, बाळा. तुझा दादा मणिकर्ण रुसून गेला, त्याच्या हातावर दही पडलंच नाही बघ."

"येतो, आईसाहेब," म्हणत तो दही चाटून धावत सुटे.

पहिल्या दारचे साप त्यानं तोडले. पण दुसऱ्या दारच्या अग्निनदीत एक जीव गेला. "दोन उरले!" बुरुजावरचा पोपट ओरडला. "राजपुत्रा, उडी मारायला शीक!" क्षणात तो पुन्हा आईपुढे उभा. तेच दही, तेच बोल.

दुसरा जीव तिसऱ्या दारी गेला. तिथं लोखंडी मुखवट्याचा द्वारपाल. घाव घालताना त्याच्या मनगटावर ओळखीचा व्रण दिसला, झोपाळ्यावरून पडल्याचा. दादा! रुसून गेलेल्या त्याला काळभुजंगानं मुखवट्यात कोंडलं होतं. अरिंजयाचा हात थबकला. द्वारपालाचा थबकला नाही.

"एकच उरला!" पोपट म्हणाला. "द्वारपालाला मारल्यावाचून दार उघडत नाही. नियम आहे."

तिसऱ्यांदा आई तेच बोलली. या खेपेस त्यानं ते ऐकलं. दही चाटलं नाही, मूठ मिटली. साप डाव्या हातानं तोडले. मूठ उंच धरून अग्निनदी ओलांडली.

तिसऱ्या दारी बाहेरच्या बोटानं कळ दाबली. मार! पुन्हा दाबली. मार! हात ओढल्यासारखा वर उठला. अरिंजयानं दात आवळून एकेक बोट सोडवलं. तलवार फरशीवर खणाणली.

"मूर्खा, शेवटचा जीव!" पोपट किंचाळला.

"ठाऊक आहे." त्यानं मूठ उघडली. "दादा, तुझ्या वाटणीचं राहिलं होतं. आंबलंय जरा."

द्वारपालाचं पातं मानेवर टेकलं, अन् तिथंच राहिलं. मुखवट्याच्या फटीतून जीभ दह्याला लागली.

"आईसाहेबांचं विरजण," आतून आवाज आला. मुखवटा दुभंगला. दार आपणहून उघडलं. भावाच्या हातून सांडणाऱ्या भावाच्या रक्तावर पोसू पाहणारा, दाराआडचा काळभुजंग ते न मिळताच राख होऊन सांडला, आणि पोपटानं नियम पुन्हा सांगितला नाही.

दाराआडचा हिरा शिळेच्या कपाळी लागताच राजा उठला. "दोघं आलात?" एवढंच म्हणाला, आणि ताटं मांडली गेली.

बाहेरचं बोट अजून कळ दाबतंय. दाबू दे. दोघं भाऊ जेवायला बसलेत.