गेरूचा पंजा

कांचनगडात असा कायदा होता की घरपट्टीच्या दिवशी ज्या दारावर लेकराचा गेरूत बुडवलेला पंजा उमटेल, त्या घराला निम्मी पट्टी माफ.

खजिनदार त्र्यंबकरावांनी बायकोला घराबाहेर काढलं, पण मुलगी ठेवून घेतली. छोटी बकुळा दासीच्या हातचं जेवून मोठी होऊ लागली. आई सगुणाला भेटीची परवानगी नव्हती. ती रोज त्या दारापाशी जाई, चौकटीवरच्या इवल्या पंजावर आपला तळवा टेकवी आणि परत येई.

शेवटी तिनं दरबारात दाद मागितली. पांढऱ्या मिशांचे दरबारी म्हणाले, "बापाचं घर तेच लेकराचं घर." त्यांना तेवढंच पाठ होतं.

"शिवाय माझी सवलत बुडेल, महाराज," त्र्यंबकराव म्हणाले.

"सवलत यांनाच राहू द्या," सगुणा म्हणाली. "पट्टीच्या दिवशी मी बकुळाला यांच्या दारी आणीन. पंजा उमटवला की ती माझ्याबरोबर परत येईल, कायमची."

"मग चालेल की," त्र्यंबकराव लगेच म्हणाले.

सगुणा राजाकडे वळली. "महाराज, मी यांच्यापुढे लेक आणि गेरू दोन्ही ठेवले. यांनी काय उचललं ते तुम्ही पाहिलंत."

राजानं मुलगी आईला दिली आणि सवलतही तिलाच दिली.

सवलतीचं सगुणाला ऐकूही आलं नाही. बकुळा समोर येऊन हसली, तेव्हा तिचे पुढचे दात नवे होते. जुने पडले तेव्हा ती कुणाजवळ रडली असेल, हेच सगुणा शोधत राहिली.