वठलेल्या सागासाठी अर्ज

रानातल्या प्राण्यांनी स्वतःचं कलाखातं काढलं, त्या काळातली गोष्ट. ठोकू नावाचा सुतारपक्षी चोचीने ताल वाजवायचा. ओल्या झाडावर त्याचा ताल घुमत नसे. त्याला तळ्याकाठचा एकुलता एक वठलेला सागच लागे. तो सरावासाठी राखून ठेवावा, एवढाच अर्ज घेऊन ठोकू कलाखात्याच्या बगळेसाहेबांकडे गेला.

"अरे, तू तर आपल्या रानाची शान!" साहेब म्हणाले. "तुझा सत्कारच करू की!"

"सत्कार नको, साहेब. झाड तेवढं राखा."

"लाजतोस काय लेका? सत्कार मंजूर!"

आठवड्याने ठोकूला शाल पांघरली गेली. त्याच्याहून मोठा नारळ त्याच्यापुढे ठेवला गेला. तीन भाषणं झाली. मग साहेब म्हणाले, "आता कलावंताने ताल ऐकवावा."

ठोकूने तळ्याकडे पाहिलं. कालपर्यंत उभ्या असलेल्या सागाचा तिथे नुसता बुंधा उरला होता.

"साहेब, माझा साग?"

"त्याच्याच फळ्यांचं तर हे व्यासपीठ! खास तुझ्यासाठी केलं."

ठोकूने मातीवर अंथरलेल्या फळीवर चोच मारली. भद्द आवाज झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या चालू असतानाच ठोकूने शाल उतरवली, बुंध्यावर नेऊन पांघरली आणि दुसऱ्या रानाची वाट धरली.