राखणदाराच्या डोळ्यांवरची साय

त्या दिवशी पहाटेपासून जंगलात दाट धुकं उतरलं होतं. ओढ्यावरून ते वर आलं, कुरणभर पसरलं आणि झाडांच्या बुंध्यांना बिलगून बसलं. थंडी अशी, की पाखरांनी पंखांत खुपसलेल्या चोची बाहेर काढल्याच नाहीत. मग हळूहळू ऊन आलं. पानांवरून थेंब टपकले, कुरण उघडं पडलं आणि पलीकडच्या काठावरचं मोहाचं झाड आपल्या जागेवर उभं दिसू लागलं.

सगळ्यांना दिसू लागलं, बाळांनो. एकाला सोडून.

कुरणाच्या कडेला ऐनाचं एक उंच झाड होतं आणि त्याच्या शेंड्यावर एक म्हातारा वानर राहत असे. शेजारच्या जांभळीवर एका शेकरूचं घरटं होतं. वानर कितीतरी वेळ समोर बघत बसला होता. शेवटी अंग आखडून तो म्हणाला, "आज धुकं काही उठायचं नाव घेत नाही."

शेकरू फांदीवर शेपूट वाळवत बसलं होतं. ते म्हणालं, "आजोबा, धुकं केव्हाच उठलं. झोपेत आहात की काय?"

वानर हसला. रात्री झोप नीट झाली नाही, असं काहीतरी बोलला. पण मनातून तो भ्याला होता. कारण त्याच्यासमोर अजून सगळं पांढरंच होतं.

आता त्या जंगलाची रीत सांगतो, म्हणजे तो का भ्याला ते कळेल. कुरणातलं कोवळं गवत खायला हरणांचा कळप रोज सकाळी यायचा. पण उघड्यावर पाऊल टाकण्याआधी कळप करवंदीच्या जाळीमागं थांबायचा. एक हरिणी पुढं होऊन वर मान करायची आणि विचारायची, "आजोबा, येऊ का?" वानर शेंड्यावरून चारी बाजूंना नजर टाकायचा. गवतात बिबट्याचा कान जरी हलला, तरी त्याला दिसायचा. काही नसलं, की तो म्हणायचा, "ये गं पोरी." त्या शब्दाशिवाय कुरणात एकही खूर पडत नसे. आणि वानर वरून कोवळी पानं खाली टाकायचा, ती हरणं खायची. असं ते दोघांचं चाललं होतं, आज्या-पणज्यांपासून.

रीतीचा आणखी एक भाग होता. ज्याची नजर गेली, त्यानं शेंडा सोडायचा. मग सगळ्यांत खालच्या फांदीवर बसायचं, दुसऱ्यांनी उष्टं टाकलेलं खायचं आणि येता-जाता पोरासोरांच्या शेपट्या तोंडावर झेलायच्या. आपल्या आधीचा राखणदार तसा बसलेला या वानरानं पाहिला होता. एके दिवशी ती फांदी रिकामी दिसली, आणि दिवस मावळेपर्यंत कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. ते आठवलं की वानराच्या अंगावर काटा यायचा.

म्हणून त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

खरं तर हे एका दिवसात झालेलं नव्हतं. आधी उन्हाकडं बघितलं की डोळे दिपायचे. मग चंद्र पसरलेला दिसू लागला, पाण्यात तेलाचा थेंब पसरतो तसा. मग हिरवं पान कोणतं आणि पिकलेलं कोणतं, हेही सांगायला अवघड झालं. सगळेच रंग धुवून वाळत घातल्यासारखे. वानरानं डोळ्यांचं काम कानांवर ढकललं. मोर ओरडला की धोका आहे समजायचं, कोतवाल पक्षी कलकलला की समजायचं, वाऱ्यावर वास आला की समजायचं. फांद्यांवर उड्या आठवणीनं मारायच्या. इतके दिवस निभावलं होतं. निभावतं आहे तोवर बोलायचं कशाला, असं तो मनाशी म्हणायचा.

पण धुक्याच्या त्या दिवशी त्याची उडी चुकली. हातात फांदी यायची ती आलीच नाही. कसाबसा खालच्या डहाळीला लटकला आणि तिथंच थांबला. खालून कोल्हा चालला होता. कोल्ह्याच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

कोल्हा फार मायेनं बोलला. म्हणाला, डोळ्यांवर साय धरली आहे, माझ्या मामालाही धरली होती. रुईचा चीक घातला की चार दिवसांत साफ. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला सांगू मात्र नका हं, आजोबा. शेंडा गेला की सगळं गेलं."

बिबट्यानं शिकार केली, की उरलेली हाडं कोल्ह्याला मिळत. राखणदाराचे डोळे गेले तर त्याचं भलंच होतं. पण भ्यालेल्याला गोड शब्द हवा असतो, बाळांनो, तो कुणाच्या तोंडचा आहे हे बघायला त्याला उसंत नसते. वानरानं रुईचं पान मोडलं आणि उजव्या डोळ्यात चीक घातला.

निखारा ठेवावा तशी आग झाली. तो झाडाच्या ढोलीत तोंड घालून विव्हळत राहिला. दुसऱ्या दिवशी डोळा लाल होऊन सुजला. जो विचारी त्याला त्यानं मधमाशी चावल्याचं सांगितलं. डाव्या डोळ्यात चीक घालायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.

शेकरू शेजारीच राहणारं. त्याला मधमाशी काही पटली नाही. संध्याकाळी ते ऐनावर आलं, वानराच्या तोंडासमोर गुपचूप एक जांभूळपान हलवलं आणि वानराची पापणीही लवली नाही तेव्हा हळूच खाली बसलं. मग त्यानं समजावून सांगितलं. नदीकाठच्या उंबरावर शिंपीण राहते, पानाला पान शिवून घरटं करणारी ती चिमुकली पाखरीण. सगळं जंगल तिच्याकडे डोळे दाखवायला जातं. सशाच्या डोळ्यात कुसळ रुतलं होतं, तिनं काढलं. म्हाताऱ्या गव्याच्या बुबुळामागं अशीच साय धरली होती, तीही काढली, आणि गवा आता नदी ओलांडून चरायला जातो.

"कशानं काढते?" वानरानं विचारलं.

"चोचीनं. तिची चोच म्हणजे सुईच."

वानर मागं सरकला. डोळ्यात सुई. आणि ती जाईल तेव्हा आपण शुद्धीवर. हललो तर? आणि न हलता सगळं पार पडलं, तरी जंगलाला कळणारच. तो म्हणाला, उद्या जाऊ. शेकरू म्हणालं, उद्या नक्की. वानरानं मान हलवली.

त्या उद्याची सकाळ उजाडली. वारा पाठीमागून वाहत होता, म्हणजे समोरचा वास नाकाला कळणार नव्हता. मोर गप्प होता. कोतवालही गप्प होता. हरिणी जाळीतून पुढं आली. तिच्या पायाशी तिचं पहिलं पाडस होतं, अजून पायांत पाय अडकणारं. तिनं मान वर केली.

"आजोबा, येऊ का?"

वानरानं समोर पाहिलं. सगळं दुधाळ. वारुळाच्या बाजूला काहीतरी पिवळसर ढीग. तिथं एक ओंडका पडलेला असतो, हे त्याला ठाऊक होतं. तो ओंडकाच असेल. वारुळाच्या अलीकडं होता की पलीकडं, ते आठवेना. एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, मला दिसत नाही, जरा थांब. शब्द घशापर्यंत आले. मग त्याला ती रिकामी खालची फांदी दिसली. बाकी काही दिसत नव्हतं, ती मात्र स्पष्ट दिसली.

"ये गं पोरी," तो म्हणाला.

कळप उन्हात उतरला. पाडस उड्या मारत सगळ्यांच्या पुढं गेलं, थेट वारुळाकडं. वानर कान टवकारून बसला होता. पाडसाची पावलं त्याला ऐकू येत होती, बारीक, गवतावरून जाणारी. आणि मग शेजारच्या जांभळीवरून शेकरू जिवाच्या आकांतानं कलकललं.

ओंडका उठला.

पुढचं वानरानं फक्त ऐकलं. खुरांचा गडगडाट. पाडसाचा एकच बारीक आवाज. हरिणी पळाली नाही, उलटी फिरली, तिच्या खुरांचा दणका कशावर तरी बसला. बिबट्याची गुरगुर. मग जाळ्या मोडल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. काहीच ऐकू येत नाही, ही सगळ्यांत वाईट गोष्ट असते. पाडस आहे की गेलं, हे त्याला कळेना, आणि विचारायला तोंड नव्हतं.

शेकरूनंच सांगितलं. पाडस वाचलं, पण पंजा पाठीवरून ओढला गेला होता. मानेपासून शेपटीपर्यंत कातडं फाटलं होतं. जगतं का मरतं, ते आता दिसेल.

दिवस कलताना हरिणी एकटी ऐनाखाली आली. वानराला वाटलं, आता ती शिव्या देईल. तिनं दिल्या नाहीत. ती नुसतं म्हणाली, "आजोबा, एकच विचारते. तुम्ही बघितलं नाहीत, की तुम्हाला दिसलं नाही?"

वानर म्हणाला, "दिसत नाही, पोरी. पुष्कळ दिवस झाले."

हरिणी म्हणाली, "मला थांबायला सांगितलं असतंत तर मी दिवसभर थांबले असते." एवढं बोलून ती निघून गेली. तिच्या मागोमाग वानर शेंड्यावरून खाली उतरला, फांदी फांदी चाचपत, सगळ्यांच्या देखत. पोरं हसली. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

सकाळी शेकरू पुढं आणि त्याची शेपूट हातात धरून वानर मागं, असे ते नदीकाठी गेले. उंबरावर गर्दी होती. एक म्हातारी घोरपड, पापणी सुजलेला एक मुंगूस, आणखी कोण कोण. शिंपिणीनं वानराला पानाआडून निरखलं. डाव्या डोळ्याकडं बघून म्हणाली, याला मोतीबिंदू म्हणतात, वय झालं की अनेकांना होतो, घाबरण्यासारखं काही नाही. मग उजव्या डोळ्याकडं आली आणि थबकली.

"यात काय घातलंत?"

वानरानं खरं सांगितलं. शिंपीण म्हणाली, की चीक बुबुळ जाळतो. साय माझ्या चोचीनं निघते, जळलेलं बुबुळ माझ्यानं परत येत नाही. हा डोळा गेला. त्याला कुणी हात लावला नसता तर हाही वाचला असता.

तिनं त्याला फांदीवर आडवा केला, कपाळावर एक थंड पान ठेवलं आणि डाव्या डोळ्यात कसल्याशा पाल्याचा रस सोडला, त्यानं डोळा बधिर झाला. मग चोच जवळ आली.

"भीती वाटते," तो पुटपुटला.

"वाटू दे. भीती वाटली तरी चालेल. हलू नका म्हणजे झालं."

त्यानं फांदी घट्ट धरली. एवढीशी पाखरीण, पण आख्खं आभाळ छातीवर बसल्यासारखं वाटलं त्याला. डोळ्यात कुणीतरी पाणी ढवळतं आहे असं वाटलं, दुखलं नाही, पण दुखेल दुखेल या धास्तीनंच जीव अर्धा झाला. मग पांढऱ्यात एक फट पडली. फटीतून हिरवं आलं. तो ओरडणार होता, तेवढ्यात तिनं डोळ्यावर उंबराचं पान ठेवलं आणि सावरीच्या कापसाच्या धाग्यानं बांधून टाकलं. पाणी लागू द्यायचं नाही, चोळायचा नाही, उड्या तर मुळीच नाहीत, पुन्हा दाखवायला यायचं, असं बजावून तिनं घोरपडीला पुढं बोलावलं.

पुष्कळ दिवसांनी पान सुटलं तेव्हा वानर खालच्या फांदीवर बसलेला होता. समोरची पानं एकेक करून वेगळी दिसत होती, पानांच्या शिरा दिसत होत्या. आणि करवंदीच्या जाळीपाशी हरिणी उभी होती. पाडस तिच्या शेजारी होतं. जगलं होतं. त्याच्या ठिपक्यांमधून लांबलचक गुलाबी व्रण गेला होता, तिथं पुन्हा केस उगवणार नव्हते. वानराला इतक्या दिवसांत स्पष्ट दिसलेली पहिली गोष्ट ती.

कळप भुकेनं खंगला होता. कुरण समोर होतं आणि कुणी पाऊल टाकत नव्हतं. हरिणीनंही काही विचारलं नाही. तेव्हा वानर स्वतः जमिनीवर उतरला, जाळीपर्यंत चालत गेला आणि म्हणाला, "पोरी, डावीकडचं मला दिसतं, तिथं काही नाही. उजवीकडचं मला दिसत नाही, आणि कधी दिसणारही नाही. तिकडं शेकरू बघतं आहे. ते हो म्हणालं तर ये."

हरिणीनं जांभळीकडं पाहिलं. शेकरू हो म्हणालं. मग पुन्हा एकदा वानराकडं बघून तिनं पुढचा पाय गवतात ठेवला.

त्यानंतर शेंड्यावर कधी एकट्याला बसवलं नाही. थंडी सुरू झाली की प्रत्येक राखणदारानं शिंपिणीला डोळे दाखवून यायचं, हेही रीतीत आलं. एके दिवशी एक दांडगा रानडुक्कर, कुणी बघत नाही असं पाहून, ऐनाखाली आला आणि खालच्या आवाजात विचारू लागला, फार दुखतं का हो. वानरानं त्याला सगळं खरं सांगितलं, भीतीसकट, आणि उंबरापर्यंत सोबत गेला.

परत आल्यावर तो शेकरूला म्हणाला, दुसराही डोळा राहिला असता रे, मी तेव्हाच बोललो असतो तर. शेकरूनं त्याचं खोटं सांत्वन केलं नाही. ते जे बोललं, तेच या गोष्टीतून घ्यायचं आहे.

तात्पर्य : "आजोबा, कमी दिसू लागलं तर त्याच दिवशी सांगावं आणि जाणत्याला डोळा दाखवावा. झाकून ठेवलेलं दुखणं आपल्या डोळ्यात राहत नाही, ते दुसऱ्याच्या पाठीवर उमटतं."