काळी मोड, पांढरी मोड

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राकाठच्या एका गावात, एका नव्या सुनेच्या कानावर तिच्यासाठी नसलेलं बोलणं पडलं.

“राहू दे तो वासा तसाच मोडका,” सासरे माजघरात म्हणत होते. “पुढच्या वादळात सगळं छप्पर खाली येईल, मग गाव नवं घालून देईल. दरवर्षी बांबू काय उगाच देतो?”

“हळू बोला,” सासूबाई म्हणाल्या, “सून पलीकडे आहे.”

“असेना! तिला कुठं तोंड आहे?”

तोंड नव्हतं हे खरं. डोळे मात्र होते, आणि ते छपराकडेच लागलेले असत. कारण गळणारं पाणी नेमकं तिच्याच अंथरुणावर पडे.

बाळांनो, त्या गावाची एक रीत होती. दरवर्षी प्रत्येक घर गावाच्या साठ्यात एक मोळी बांबू आणि एक टोपली कौलं टाकी. वादळात कुणाचं घर पडलं, की त्या साठ्यातून सारं गाव ते उभं करी. पण आधी म्हातारा सुतार येऊन मोडलेलं लाकूड बघे. ताजी मोड पांढरी असते, पाऊस प्यालेली जुनी मोड काळी. पांढरी मोड गावाची, काळी मोड ज्याची त्याची. काळी मोड निघालेलं एक कुटुंब तीन वर्षं चिंचेखाली राहत होतं.

“आणि काळी दिसली तर?” सासूबाईंनी विचारलं.

“चुना फासू!”

सुनेनं समोर जेवत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं आढ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि भात जरा जास्तच कालवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुनेनं पदर खोचला, सुताराकडून काथ्याची दोरी आणली, भिंतीला शिडी लावली आणि ती सरळ छपरावर चढली.

“अगं, उतर खाली!” सासूबाई अंगणातून ओरडल्या. “सून घराच्या डोक्यावर चढली म्हणून गाव हसेल!”

“आत्ता उतरली नाहीस, तर या घराचं दार तुला बंद!” सासरे गरजले.

ती उतरली नाही. दार बंद झालं तरी छप्पर तिच्या हातात होतं. तिनं मोडक्या वाशाला जाड बांबू जोडला, पीळ घट्ट बसावा म्हणून ओठ आवळले, आणि निसटलेली कौलं एकेक करून जागी बसवली. संध्याकाळी ती खाली आली तेव्हा दार उघडंच होतं, पण पाच दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. तिला ते पाच दिवस फार निवांत गेले.

मग वादळ आलं. अंगणातला फणस घरावर कोसळला आणि पुढचं अर्धं छप्पर भुईला मिळालं. मागचा बांधलेला वासा मात्र हलला नाही. सगळे त्याच्याच खाली, सुनेच्या अंथरुणावर, अंग चोरून बसले.

वारा पडल्यावर सुतार आला. त्यानं जुन्या वाशाची दोरी ओढून पाहिली. पुढच्या तुटलेल्या लाकडावरून बोट फिरवलं.

“जुनं मोडलेलं वेळेत बांधलंय,” तो म्हणाला. “ही मोड आजची, पांढरीशुभ्र. गाव छप्पर घालून देईल.”

सासऱ्यांची छाती फुगली. “देणारच! इतकी वर्षं बांबू घालतोय, आमचा हक्कच आहे तो. आणि घराची काळजी मी घेतोच हो.”

“वासा तुम्ही बांधलात?”

“मग? दुसरं कोण बांधणार?”

तेव्हा सून पुढे झाली. आवाज चढवला नाही, पण अंगणात जमलेल्या प्रत्येकाला ऐकू गेलं.

“मी बांधला, मामंजी. तुम्ही ठेवलेला चुना मी चुलीमागच्या भिंतीला फासून टाकला. बांबू दिल्यानं गावावर हक्क मिळतो. पण मोडलेलं वेळेत बांधलं, तरच तो हक्क टिकतो.”